एंडोमेट्रिओसिसची वेदना : चिनी वैद्यक आणि हॉर्मोन उपचार

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक बीजकोशावर, गर्भाशयामागच्या पोकळीत किंवा आतड्याच्या आवरणावर वाढते, तेव्हा त्या विकाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे 10 टक्के स्त्रियांना व मुलींना तो असतो. पाळीतल्या असह्य कळा, संभोगाच्या व शौचाच्या वेळचे दुखणे आणि ओटीपोटातली सततची ठसठस ही त्याची मुख्य लक्षणे होत. विकार किती पसरला आहे यावरून वेदना किती असेल हे मात्र सांगता येत नाही.

हे ऊतक इस्ट्रोजेनवर पोसते, म्हणून हॉर्मोन उपचारांचा रोख बीजकोशाचे चक्र थांबवण्यावर किंवा मंदावण्यावर असतो. डॅनाझोलला अमेरिकेत 1976 मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. त्याने कळा कमी होत, पण वजन वाढे, मुरमे येत, चेहऱ्यावर केस उगवत आणि काहींचा आवाज कायमचा घोगरा होई. आज संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्टसारखी प्रोजेस्टिन औषधे आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारी तांबी यांपासून सुरुवात करतात. त्यांनी भागले नाही तर मेंदूकडून बीजकोशाला जाणारा संदेश रोखणारी औषधे देतात. एलागोलिक्स (अमेरिकेत मान्यता 2018) हे त्यांपैकी तोंडावाटे घ्यायचे औषध. या गटाच्या औषधांनी हाडांची घनता घटते.

चिनी वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत हा रोग या नावाने नाही. त्याची लक्षणे ‘तोंगजिंग’ (पाळीचे दुखणे) आणि ‘जेंगजिया’ (पोटातल्या गाठी) या सदरांत येतात. बहुतेक वेळा कारण सांगितले जाते ते रक्त साकळण्याचे. तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा वैद्य जांग जोंगजिंग याच्या परंपरेतला ‘ग्वेइजी फूलिंग वान’ हा पाच द्रव्यांचा योग अजून चालतो. वांग चिंगरेन या वैद्याने 1830 च्या ग्रंथात दिलेल्या ‘शाओफू जूयू थांग’ या काढ्यात बडीशेप, सुंठ, दालचिनी आणि हिराबोळ आहेत. मराठी बाळंतिणीच्या खोलीत यांतले काहीच परके वाटणार नाही. त्याच काढ्यात पाणकणसाचा पराग आणि उडत्या खारीची वाळलेली विष्ठाही पडते. ठरावीक रोगाला ठरावीक औषध असे नसून नाडी व जीभ पाहून द्रव्ये बदलतात. चाचण्यांच्या दृष्टीने ही मोठीच अडचण आहे, कारण प्रत्येकीचा काढा निराळा असेल तर नेमके कशाचे मोजमाप घ्यायचे?

दोहोंची थेट तुलना थोडीच झाली आहे. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात निकषांना उतरल्या त्या चीनमधल्या दोनच चाचण्या, मिळून 158 स्त्रिया. शस्त्रक्रियेनंतर दिलेले चिनी औषध लक्षणे कमी करण्यात जेस्ट्रिनोन या हॉर्मोन औषधाच्या जवळपास ठरले आणि त्याचे दुष्परिणाम कमी होते. दुसऱ्या चाचणीत काढा, विशेषतः बस्तीसह दिलेला, डॅनाझोलपेक्षा सरस दिसला. आढावाकारांनी अधिक काटेकोर संशोधनाची गरज सांगितली. हे निष्कर्ष चिनी औषधाच्या बाजूने सांगताना एक गोष्ट सहसा वगळली जाते : समोरचे दोन्ही प्रतिस्पर्धी जुने होते आणि दुष्परिणामांसाठीच बदनाम होते. त्यांच्याहून सुसह्य ठरणे ही फारशी कठीण कसोटी नव्हे. डायनोजेस्ट किंवा तांबीविरुद्ध काढा कसा ठरेल, याचे उत्तर त्या दोन चाचण्यांतून मिळत नाही.

हॉर्मोन उपचारांची बाजूही निर्दोष नाही. औषध बंद केल्यावर वेदना अनेकदा परत येतात. शिवाय यांतली बहुतेक औषधे बीजनिर्मिती दाबतात, त्यामुळे मूल हवे असणाऱ्या स्त्रीला ती चालू ठेवता येत नाहीत. काढ्याकडे वळण्याचे हे एक खरे कारण आहे. मात्र रक्त वाहते करणारी द्रव्ये गर्भारपणात टाळावीत असे चिनी वैद्यकच सांगते. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या स्त्रीने तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ‘लेइगोंगतेंग’ या वेलीची औषधे चीनमध्ये या विकारासाठी वापरली गेली आहेत, पण ती बीजकोशालाच इजा करून पाळी बंद पाडू शकतात.