दाढीच्या साबणाची जपणूक

माझ्या वडिलांचा एक शिरस्ता होता. दाढीच्या साबणाची नवी टिकी ते नाताळच्या आदल्या दिवशी काढीत, आणि पुढची टिकी घरात आल्यावाचून हिच्यावर ब्रश फिरवीत नसत. २०११ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या कपाटात दोन टिक्या निघाल्या. एक मूळच्या कागदी वेष्टनासह पत्र्याच्या डबीत, कपड्यांच्या तळाशी होती. दुसरी त्यांनी वेष्टन सोडून, हौसेने घेतलेल्या झाकणाच्या पितळी डबीत ठेवली होती. रोज घासून लखलखीत केलेली ती डबी त्यांना फार प्रिय. मी दोन्हींना हात लावला नाही. परवाचा पावसाळा सरल्यावर मात्र त्या उघडून पाहिल्या. पत्र्याच्या डबीतली टिकी थोडी आक्रसली होती, पण शुभ्र होती. पितळी डबीतलीवर तांबूस डाग पडले होते, कडेला हिरवट छटा चढली होती आणि जुन्या खोबरेल तेलासारखा खवट दर्प येत होता. ज्या टिकीची अधिक काळजी घेतली तीच नासली, हे मला काही केल्या पटेना. म्हणून साबणाच्या इतिहासात थोडे डोकावलो.

साबण हा मूळचाच मुरवण्याचा पदार्थ आहे. सीरियातील अलेप्पो या प्राचीन नगरात ऑलिव्हचे तेल आणि लॉरेलच्या फळांचे तेल यांपासून हिवाळ्यात साबण शिजवितात. शिजलेला रस जमिनीवर ओतून सपाट करायचा, त्याच्या वड्या पाडायच्या, त्यांवर कारागिराचा शिक्का उठवायचा आणि मग मधून वारा खेळेल अशा बेताने त्यांचे उंच मनोरे रचायचे. हे मनोरे सहा ते नऊ महिने तसेच उभे राहतात. तेवढ्या काळात वड्यांतले पाणी उडते, बाहेरचा हिरवा रंग सोनेरी होतो. वडी कापली तर आत हिरवाई शिल्लक असते. युद्धाने हे नगर उद्ध्वस्त केले तरी ही कला टिकली आणि २०२४ साली युनेस्कोने तिची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. फ्रान्समध्ये तर ऋतूचा प्रश्न राजाज्ञेपर्यंत गेला. १६८८ साली चौदाव्या लुईच्या राजवटीत निघालेल्या फर्मानाने जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत साबण करण्यास मनाई केली, कारण उन्हाळ्यातील उष्णतेने मालाचा कस उतरे. कारागिरांना हे अनुभवाने ठाऊक होते. त्यामागचे कारण कुणाला ठाऊक नव्हते.

कारणाचा मार्ग मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखविला. चरबी आणि तेले ही निरनिराळी आम्ले व ग्लिसरीन यांच्या संयोगाने बनलेली असतात, हे त्याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्ध केले. हा गृहस्थ १०२ वर्षे जगला, हे जाता जाता सांगावेसे वाटते. त्याने ओळखलेल्या आम्लांपैकी स्टिअरिक आम्ल स्थिर स्वभावाचे. हवेतल्या प्राणवायूला त्यात सहज शिरकाव मिळत नाही. ऑलिइक आम्ल त्याहून हळवे. त्याच्या रेणूत प्राणवायू शिरण्यास जागा असते आणि तो शिरला की खवटपणा येतो. ऊन, उष्णता आणि ओल यांनी ही क्रिया वाढते. त्यांहूनही वाईट धातूंचा संसर्ग. तांबे आणि लोखंड यांचा लवलेशही ती क्रिया कितीतरी वेगाने पुढे नेतो. पितळेत तांबे असते. वडिलांच्या टिकीचे कोडे मला येथे उलगडले.

आता दाढीच्या साबणाचे विशेष. सज्जीखाराच्या जातीच्या क्षाराने, म्हणजे सोड्याने, साबण कठीण होतो, पण त्याचा फेस उशिरा येतो. जवखाराच्या जातीच्या क्षाराने, म्हणजे पोटॅशने, तो मऊ होतो, फेस झटकन येतो. दाढीसाठी लागतो तो दाट, गालावर टिकणारा फेस. म्हणून त्यात दोन्ही क्षार मिसळतात आणि स्टिअरिक आम्लाचा भरणा अधिक ठेवतात. स्टिअरिकमुळे साबण टिकाऊ होतो खरा, पण पोटॅशचा साबण आणि ग्लिसरीन ही हवेतली ओल ओढून घेतात. एकाच टिकीत दीर्घायुष्य आणि दुखणे अशी दोन्ही नांदत असतात.

आपल्याकडे हा प्रश्न पूर्वी घरात नव्हताच. न्हावी धोपटीतून वस्तरा आणि वाटी काढी आणि पुष्कळदा नुसत्या पाण्याने गाल चोळून मऊ करी. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात जे. बी. विल्यम्स याने १८४० साली दाढीच्या साबणाचा व्यवसाय मांडला. जिलेटच्या सुरक्षित वस्तऱ्याला १९०४ साली एकस्व मिळाले, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी असे ३५ लाख वस्तरे मागविले, आणि न्हाव्याच्या दुकानातला साबण घरोघरच्या फडताळात आला. तो राखण्याची जबाबदारीही अर्थातच घरावर आली. इंग्रजांनी लाकडी वाट्या काढल्या, कुणी साबणाच्या कांड्या करून त्या नळकांड्यांत बसविल्या. पुढे मलमासारखा साबण नळीत भरला जाऊ लागला. ती नळी जॉन गॉफ रँड नावाच्या चित्रकाराने १८४१ साली तैलरंग वाळू नयेत म्हणून शोधली होती. १९४९ साली दाबाच्या डब्यातला तयार फेसही आला. सोय झाली, परंतु टिकी वापरणारे अजून आहेत, आणि त्यांच्यासाठीच हे बोलणे चालले आहे.

पणजी, मडगावकडे जुलैत टिकीला घाम फुटतो; ग्वाल्हेरला मे महिन्यात तिला तडे जातात. तडे गेल्याने साबण बिघडला असे मुळीच समजू नये. त्यातले पाणी उडाले, एवढाच त्याचा अर्थ. वापरण्यापूर्वी वर चार थेंब कोमट पाणी घालून दहा मिनिटे थांबावे. ओलीचे संकट मात्र खरे. साठवणीची टिकी मूळच्या वेष्टनातच असू द्यावी, वरून मेणकागद गुंडाळावा आणि न गंजलेल्या पत्र्याच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या डबीत घट्ट झाकून ठेवावी. जागा कोरडी, अंधारी, थंड असावी. न्हाणीघर नव्हे, आणि डांबराच्या गोळ्यांचा शेजारही नव्हे. सुगंध हा सगळ्यांत आधी उडून जाणारा भाग. तो राखायचा तर डबी वरचेवर उघडून हुंगण्याचा मोह आवरावा! रोजच्या टिकीचा नियम उलटा आहे. तिला दाढी झाल्यावर उघडी वाळू द्यावी आणि मगच झाकण लावावे. ओलसर टिकी लगेच कोंडली की ती बुळबुळीत होते.

पत्र्याच्या डबीतली ती टिकी मी एका रविवारी, मिस्सेला जाण्यापूर्वी, वापरायला काढली. वास जवळजवळ गेलेला होता. पहिल्या दोन वेळा ब्रश कोरडाच फिरल्यासारखा वाटला. तिसऱ्या वेळी पाणी वाढविले, आणि फेस वडिलांच्या हनुवटीवर यायचा तसाच दाट आला. पितळी डबीत आता आमच्या घरी सुया आणि गुंड्या असतात.