स्मृतिभ्रंशाचे निदान : मेंदूच्या प्रतिमा व यंत्रशिक्षण यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी समाजात पिढ्यान्‌पिढ्या उच्चारली जाते. वार्धक्यातील विस्मरण हा वयाचा धर्म आहे, त्यावर उपाय नाही, असा भाव तिच्यामागे आहे. वैद्यकशास्त्रानेही बराच काळ याहून फार वेगळी भूमिका घेतली नव्हती. स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया हा वयाचा परिणाम नसून मेंदूच्या विकारांतून उद्भवणारी अवस्था आहे, ही जाणीव विसाव्या शतकात हळूहळू दृढ झाली. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून मेंदूच्या स्कॅनवरून संगणकाने हा विकार ओळखावा, असे प्रयत्न सुरू झाले. त्यांच्या यशाचे आकडे अधूनमधून वृत्तपत्रांतही झळकतात. हे आकडे समजून घ्यायचे तर ‘हा मेंदू रुग्णाचा, हा निरोगी माणसाचा’ हे यंत्राला कोणी व कोणाचे मेंदू दाखवून शिकविले, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने या विषयाचा इतिहास मांडला आहे.

फ्रँकफर्टमधील रुग्ण :
इ. स. १९०१ च्या नोव्हेंबर महिन्यात फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. रेल्वेतील एका कारकुनाची ती पत्नी. डॉ. अलॉईस अल्झायमर यांनी तिला वारंवार साधे प्रश्न विचारून तिची उत्तरे टिपून ठेवली. नाव लिहावयास सांगितले असता ‘श्रीमती’ एवढे लिहून ती पुढचे विसरून जाई. एप्रिल १९०६ मध्ये तिचे निधन झाले. तोपर्यंत अल्झायमर म्युनिक येथे गेले होते. मेंदू त्यांच्याकडे पाठविण्यात आला. चांदीच्या क्षारांनी रंगविलेल्या पातळ कापांत त्यांना पेशींबाहेरील साके व पेशींच्या आतील तंतूंचे गुंते आढळले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निरीक्षण मांडले, तेव्हा श्रोत्यांनी त्यात फारसा रस घेतला नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

या घटनेतील एक बाब पुढील संपूर्ण इतिहासाला कारणीभूत ठरली. रुग्णाची लक्षणे जिवंतपणी दिसत होती, रोगाचा पुरावा मात्र मृत्यूनंतरच हाती आला. १९८४ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी निदानाचे निकष निश्चित केले, तेव्हाही जिवंत रुग्णाबाबत डॉक्टरांना बहुतांशी ‘संभाव्य’ एवढेच म्हणता येत असे. ‘निश्चित’ हा शब्द मेंदूच्या ऊतींच्या तपासणीनंतरच वापरायचा होता.

प्रतिमांचे युग :
जिवंत माणसाच्या कवटीत डोकावण्याचे प्रयत्न अर्थातच आधीपासून चालू होते. १९१९ मध्ये वॉल्टर डँडी यांनी मणक्यातील द्रव काढून त्याजागी हवा भरून क्ष-किरण छायाचित्र घेण्याची पद्धत आणली. ती इतकी वेदनादायक होती की विसरभोळ्या वृद्धावर तिचा प्रयोग करणे ही एक शिक्षाच म्हणावी लागेल. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिला सीटी स्कॅन झाला आणि ही यातना टळली. पुढे एमआरआयमुळे मेंदूचे बारकावे दिसू लागले. १९९१ मध्ये ब्राक दांपत्याने दाखवून दिले की, तंतूंचे गुंते ठराविक क्रमाने पसरतात व स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर ग्रासला जातो. साहजिकच एमआरआयमध्ये त्या भागाचे आकुंचन मोजण्याकडे लक्ष गेले. १९९२ मध्ये शेल्टन्स व सहकाऱ्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून शून्य ते चार असे गुण देण्याची पद्धत सुचविली. २००४ मध्ये पिट्सबर्ग येथील क्लंक व मॅथिस यांच्या संयुगामुळे अमायलॉइडचे साके जिवंत माणसात पेट स्कॅनवर दिसल्याचे प्रसिद्ध झाले. अल्झायमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली गोष्ट पडद्यावर येण्यास जवळजवळ एक शतक लागले.

यंत्राचे शिक्षण :
२००४ मध्येच अमेरिका व कॅनडातील पन्नासहून अधिक केंद्रांनी मिळून ‘अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह’ हा प्रकल्प हाती घेतला. ५५ ते ९० वयोगटातील सुमारे ८०० व्यक्तींचे स्कॅन व स्मृतिचाचण्या वेळोवेळी नोंदवून ते जगभरातील संशोधकांना खुले करण्याचे धोरण त्याने स्वीकारले. ज्यांच्याकडे स्वतःचे एमआरआय यंत्र नाही अशांनाही यामुळे संशोधन करता आले, ही त्याची मोठी देणगी होय.

संगणकीय पद्धत तत्त्वतः सोपी आहे. स्कॅनचे लाखो सूक्ष्म घनांत विभाजन करून प्रत्येक घनातील करड्या पदार्थाचे प्रमाण आकड्यांत मांडले जाते. रुग्ण व निरोगी अशी नावे लावलेली उदाहरणे दिली की ‘सपोर्ट व्हेक्टर मशीन’ सारखी प्रणाली दोन्ही गटांना विभागणारी सीमारेषा शोधते. २००८ मध्ये क्लॉपेल व लंडनमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने ९६ टक्क्यांपर्यंत अचूकता मिळविली. त्यांच्या महत्त्वाच्या गटांत रुग्णांचे निदान शवविच्छेदनाने सिद्ध झालेले होते. म्हणजे यंत्राचा गुरू येथे अल्झायमर यांचा सूक्ष्मदर्शकच होता. मात्र गट काही डझन व्यक्तींचेच होते, आणि रुग्णालयासमोरचा खरा प्रश्न स्पष्ट रुग्णाचा नसून सीमारेषेवरील माणसाचा असतो.

त्या माणसाबाबत आकडे झपाट्याने खाली आले. २०११ मध्ये क्विंग्ने व सहकाऱ्यांनी वरील प्रकल्पातील ५०९ व्यक्तींवर दहा पद्धती पडताळून पाहिल्या. सौम्य विस्मरण असलेल्यांपैकी पुढे कोणाला अल्झायमर होईल, हे सांगण्यात त्यांपैकी मोजक्याच पद्धती नशिबाच्या कौलापेक्षा थोड्याफार सरस ठरल्या. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी खुली स्पर्धा घेतली. ३५४ स्कॅनचे निदान गुप्त ठेवून १५ चमूंच्या २९ प्रणालींना रुग्ण, सौम्य विस्मरण व निरोगी असे तीन गट पाडण्यास सांगितले. सर्वोत्तम प्रणालीची अचूकता ६३ टक्के निघाली.

यानंतर डीप लर्निंगचा काळ आला व पुन्हा नव्वदीपार आकडे छापून येऊ लागले. २०२० मध्ये वेन व पॅरिसमधील सहकाऱ्यांनी अशा शोधनिबंधांची छाननी केली असता, निम्म्याहून अधिक निबंधांत विदागळतीची शक्यता आढळली. एकाच व्यक्तीच्या मेंदूचे काही काप शिकविण्यासाठी व काही परीक्षेसाठी वापरले गेल्यास यंत्र रोगाऐवजी व्यक्तीच ओळखू लागते. महाविद्यालयीन प्राध्यापकांस हा प्रकार पेपरफुटी म्हणून चांगलाच परिचित आहे. गळती टाळून केलेल्या तुलनेत नव्या पद्धती जुन्या सपोर्ट व्हेक्टर मशीनपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

भारतीय संदर्भ :
२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील साठ वर्षांवरील ७.४ टक्के म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. याउलट अमेरिकी संग्रहातील व्यक्ती बहुतांशी गौरवर्णीय व सरासरीने पदवीपर्यंत शिकलेल्या आहेत. रक्तवाहिन्यांच्या विकाराची ठळक लक्षणे असणाऱ्यांना तर त्यात प्रवेशच नव्हता. पक्षाघात, उच्च रक्तदाब व अल्झायमर यांची सरमिसळ झालेला रुग्ण भारतीय दवाखान्यात नित्याचा आहे. त्या संग्रहावर शिकलेल्या यंत्राला असा मेंदू अनोळखीच राहणार.

ही अडचण स्कॅनच्या आधीपासूनची आहे. १९७५ ची फोलस्टीन यांची स्मृतिचाचणी वाचता-लिहिता येणाऱ्यांसाठी होती. निरक्षर व्यक्ती तीत नापास होई, ती रुग्ण असो वा नसो. हरियाणातील बल्लभगढ परिसरात काम करणाऱ्या भारतीय व अमेरिकी संशोधकांनी १९९५ मध्ये हिंदी चाचणी प्रसिद्ध केली व अक्षरज्ञानावर बेतलेले प्रश्न बदलले. चाचणी चुकली तर निदान चुकते आणि त्या निदानावर शिकणारे यंत्र तीच चूक मोठ्या आत्मविश्वासाने गिरविते. त्यामुळे बल्लभगढच्या कामाचे मोल कोणत्याही प्रणालीहून कमी मानता येत नाही.

प्रतिमांच्या बाबतीत असे काम अलीकडे सुरू झाले आहे. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा तयार केला. त्या व्यक्ती २१ ते ३० वयोगटातील होत्या. बंगळुरूच्या निम्हान्समधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले पाच नकाशे ६ ते ६० या वयांचे आहेत, म्हणजे लासी-डॅडची गणना जेथे सुरू होते तेथेच ते थांबतात. कर्नाटकातील श्रीनिवासपूर तालुक्यात मात्र बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने ४५ वर्षांवरील ग्रामीण व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास आरंभिला असून त्यात एमआरआयचाही समावेश आहे. सहभागी व्यक्ती प्रारंभी निरोगी असल्याने त्यांतील कोणाचा मेंदू कोणत्या गटात घालावा, हे सांगण्यासाठी यंत्राला आणि संशोधकांनाही ती माणसे वृद्ध होईपर्यंत थांबावे लागेल.