पाठ, वल्हे आणि शाळेतला बाक

खांडबारा हे नवापूर तालुक्यातले, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव. अशा गावच्या शाळेत व्यायामाची यंत्रे कोठून असणार? पण पाणी शेंदणे, मोळी वाहणे ही कामे खेड्यातल्या मुलांच्या पाठीला ठाऊक असतात. "एवढे कष्ट करणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला?" असे आपण शिक्षकही म्हणून जातो. याचे उत्तर शोधायला साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते.

जिओव्हानी बोरेली (१६०८–१६७९) हा इटालियन गणिती. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८०-८१ मध्ये छापला गेला. हाडे म्हणजे तरफा, असे मानून त्याने हिशेब मांडला आणि दाखवून दिले की, स्नायूंना उचललेल्या वजनाच्या कितीतरी पट बल लावावे लागते. कारण टेकूपासून भार दूर असतो, स्नायू मात्र अगदी जवळ.

हा हिशेब वर्गात करता येतो. कमरेत आडवे वाकून १० किलोची बादली धरली आहे. कमरेच्या सांध्यापासून बादली ४० सेंमी, तर वरच्या शरीराचे सुमारे ३० किलो वजन २५ सेंमी अंतरावर आहे. पाठीचे स्नायू सांध्यामागे अवघ्या ५ सेंमीवर. म्हणजे (१० × ४० + ३० × २५) ÷ ५ = २३० किलो! आता दुसरा हात बाकावर टेकवा. खांद्याखाली, ४० सेंमीवर, त्या हाताने २० किलो भार पेलला तर स्नायूंकडे उरतात ७० किलो. आकडे ढोबळ आहेत. पण आधाराचे महत्त्व त्यातून कळते.

पुढे १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. १९९९ मध्ये जर्मनीतल्या विल्के व सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकावर पुन्हा मोजमाप केले. पाठीची कमान करून २० किलो उचलताना दाब उभे असतानाच्या चौपटीहून जास्त भरला. बसण्याबाबत मात्र त्यांचे निष्कर्ष नाखेमसन यांच्याशी जुळले नाहीत. विज्ञान असेच पुढे जाते.

नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जात. २०१२ मध्ये सैन्यात गेल्यावर ते वल्हवायला शिकले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. कष्टाने ताकद येते, हे खरेच. पण कष्टाच्या कामात वजन आणि पाठीची ठेवण आपण ठरवत नाही, काम ठरवते. व्यायामात ती आपण ठरवतो.

म्हणून आम्ही सुचवतो तो आधाराचा व्यायाम असा : एक तळवा बाकावर टेकवावा, पाठ सरळ ठेवावी. दुसऱ्या, लोंबत्या हातात दोन लिटर पाण्याची बाटली घ्यावी. वल्हे ओढावे तसे कोपर मागे नेत ती बरगड्यांपर्यंत आणावी आणि सावकाश खाली न्यावी. कंबर पिळू नये. आठ-दहा वेळा झाले की हात बदलावा. दुखले तर थांबावे, डॉक्टरांना विचारावे.

यात खांद्यांच्या पात्यांमधले स्नायू काम करतात आणि कमरेवरचा ताण कमी राहतो. तरफेचा धडा शिकवताना फळ्यावर कात्री-अडकित्ता काढतो, तसे एकदा मुलांना बाकापाशीही न्यावे. मोळी उचलणाऱ्या मुलीला हे गणित कोणापेक्षाही जास्त उपयोगी आहे.