नदीतला स्पायडर तलावावर

ट्राउट मासा धरायच्या स्पायडर या कृत्रिम माशीला ना पंख, ना शेपटी. गरीच्या दांड्यावर रेशमाचे वेढे आणि डोक्याशी मऊ पिसाचे एक-दोन फेरे, झाली माशी. मी मूळचा मालवणचा, आमिष लावून गरवणाऱ्यांतला. यॉर्कशरला आल्यावर ही बांधणी शिकलो आणि तिच्यातच रमलो. इथले जाणते सांगतात, स्पायडर वाहत्या पाण्याचा, तलावावर त्याचं काम नाही. मला हे पटत नाही.

नदीशी त्याचं नातं जुनं आहे, यात वाद नाही. एडिंबरोच्या डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्टने 1857 साली 'द प्रॅक्टिकल अँगलर' लिहिलं आणि त्यात तीन स्पायडर दिले: काळा, तांबडा आणि राखी. काळा आपण जेम्स बेली या निष्णात गरवणाऱ्याकडून घेतला, हे त्याने मोकळेपणाने नोंदवलं, आणि याबद्दल मला स्ट्यूअर्ट फार आवडतो. काळ्याला स्टार्लिंगचं, म्हणजे आपल्या भोरडीच्या भाऊबंदाचं, मानेवरचं पीस लागतं आणि तपकिरी रेशीम. ट्राउटच्या दातांनी पीस तुटू नये म्हणून तो ते रेशमाबरोबर पिळून गुंडाळी. पुढे 1885 मध्ये टी. ई. प्रिट यांनी यॉर्कशरच्या माश्या पुस्तकात आणल्या. तित्तिराचं पीस नि नारिंगी रेशीम, पाणलाव्याचं पीस नि जांभळं रेशीम, पाणकोंबडीच्या पंखाखालचं पीस नि चिचुंदरीसारख्या मोलची लव: या जोड्या आजही इथे बांधल्या जातात. स्ट्यूअर्टच्या राखी स्पायडरला लागणारा डॉटरेल पक्षी मात्र आता कायद्याने संरक्षित आहे. त्याच्याऐवजी स्टार्लिंगच्या पंखाच्या आतलं पीस घ्यावं. पर्याय चांगला आहे.

तलावाची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. ब्रिस्टलजवळ यो नदी अडवून बांधलेल्या ब्लॅगडन तलावावर 1904 मध्ये ट्राउटची गरवणी सुरू झाली. सुरुवातीला लोक सामनच्या दणकट काठ्या आणि थोराड माश्या घेऊन यायचे. त्या भागातले डॉक्टर बेल यांनी पकडलेल्या माशांची पोटं तपासली आणि ट्राउट खरोखर काय खातो ते पाहिलं. पोटात सापडायचे बारीक जीव, त्यात बझरचे कोष पुष्कळ. बझर म्हणजे डासासारखा दिसणारा, पण न चावणारा कीटक. त्याचा कोष तळाच्या गाळातून वर येतो आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली लोंबकळत राहतो. तिथेच ट्राउट त्याला टिपतो.

बेल यांनी त्यावरून ज्या माश्या बांधल्या, त्या स्पायडर नव्हत्या. पण त्यांनी दाखवलेलं भक्ष्य आणि स्ट्यूअर्टचा काळा स्पायडर शेजारी ठेवून पाहा: तोच बारीकपणा, तोच सडपातळ काळसर देह. शिवाय मऊ पीस नुसत्या झुळकीने हलणाऱ्या पाण्यातही जिवंत राहतं. त्याला प्रवाहाची गरज नाही, हेच या माशीचं मर्म.

म्हणून एप्रिलमध्ये, बझर उडू लागले की मी काळा स्पायडर लावतो, 14 नंबरच्या गरीवर. वारा आडवा घ्यायचा, दोरी वाऱ्याने वळू द्यायची आणि बोटांनी ती अगदी सावकाश गोळा करायची. ओढाओढ केली की सगळं बिघडतं.

दुकानातला स्पायडर घेणार असाल तर एक विनंती. त्याला पीस भरमसाट असतं. अर्धं उपटून टाका आणि मगच पाण्यात सोडा.