हवेतून होणारा संसर्ग : एका वैद्यकीय मताचा इतिहास

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना मृतांची संख्या आणि शासनाने योजलेले उपाय यांची नोंद सहसा घेतली जाते. परंतु रोग कसा पसरतो याविषयीचे त्या त्या काळातील मत कसे बनले, याचा शोध क्वचितच घेतला जातो. २०१९ च्या अखेरीस चीनमधील वुहान येथे प्रकट झालेल्या करोना विषाणूच्या साथीने या उपेक्षित प्रश्नाला असाधारण महत्त्व प्राप्त करून दिले.

जंतुशास्त्राचा उदय होईपर्यंत दूषित हवा हेच रोगाचे मूळ, अशी युरोपीय वैद्यकाची प्रबळ धारणा होती. जंतुशास्त्राने तिचा पाया उखडला. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स नगराचे आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निकट संपर्क हेच संसर्गाचे मुख्य द्वार होय, असे प्रतिपादन केले. हवेच्या भीतीत गुंतलेले लोक संपर्क टाळण्यास शिकणार नाहीत, ही त्यांची चिंता व्यवहारदृष्ट्या रास्त होती. परंतु हवेतील संसर्ग सिद्ध झालेला नाही, हे त्यांचे मत पुढील पिढ्यांत तो जवळजवळ अशक्यच आहे, अशा सिद्धान्ताचे रूप धारण करून बसले.

१९३४ मध्ये विल्यम वेल्स यांनी या मताला पहिला शास्त्रीय छेद दिला. खोकताना वा शिंकताना बाहेर पडणारे मोठे तुषार लवकर खाली पडतात. लहान तुषार मात्र वाटेतच सुकतात व त्यांचे सूक्ष्म अवशेष हवेत तरंगत राहतात, असे त्यांनी दाखविले. ही सीमारेषा त्यांच्या गणिताप्रमाणे सुमारे १०० मायक्रॉन होती. पुढे क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा गिनीपिगांना पुरवून त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेतून होणारा क्षयसंसर्ग सिद्ध केला. येथेच एक विलक्षण गफलत झाली. क्षयाचे जंतू फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचण्यास कण ५ मायक्रॉनहून लहान असावे लागतात. हा आकडा वेल्स यांच्या सीमारेषेच्या जागी पाठ्यपुस्तकांत रूढ झाला आणि त्याहून मोठा प्रत्येक कण जवळच खाली पडतो, असे मानले जाऊ लागले.

या मताची किंमत २०२० साली मोजावी लागली. रोग जवळच्यांना होतो, म्हणून तो तुषारांनीच पसरतो, असा युक्तिवाद केला जाई. वस्तुतः सूक्ष्म कणांची दाटीही रुग्णाजवळच सर्वाधिक असते. तेव्हा निकटतेवरून दोहोंपैकी एकाचीच निवड करता येत नाही. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही, असे जाहीर केले. त्याच महिन्यात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाच्या सरावास जमलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडल्याचे आढळले व दोघांचा मृत्यू झाला. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतील संसर्गाची दखल घ्यावी, असे आवाहन केले. एप्रिल २०२१ अखेर संघटनेच्या माहितीत तो स्पष्टपणे मान्य झाला. तोवर पृष्ठभाग पुसण्यावर जेवढा भर दिला गेला, तेवढा खिडक्या उघडण्यावर दिला गेला नव्हता.

उपचारांच्या बाबतीतही असाच धडा मिळाला. हा विषाणू आपल्या काटेरी प्रथिनाने मानवी पेशींवरील एसीई-२ या ग्राहकास चिकटून आत शिरतो. परंतु गंभीर रुग्णांत पुढे होणारी हानी बव्हंशी शरीराच्याच अनावर दाहामुळे होते. या रोगात स्टेरॉइड सरसकट देऊ नये, असे प्रारंभी सांगितले जाई. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि प्राणवायू घेणाऱ्यांचे एक-पंचमांशाने घटतात, असे दाखविले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. औषध तेच, परंतु रोगाच्या अवस्थेनुसार त्याचे फल भिन्न.

चेपिन यांचा दोष हवा नाकारण्यात नव्हता. उपलब्ध पुराव्यावर त्यांनी मत बनविले होते. दोष उत्तरकालीनांचा, की त्यांनी त्या मताची पुराव्याशी पुन्हा गाठ घालून पाहिली नाही. शास्त्रातील प्रत्येक मताला जन्मतिथी असते. तिचे विस्मरण झाले, की मताची रूढी बनते. आणि साथीच्या काळात रूढीचे मूल्य माणसांच्या प्राणांनी चुकते करावे लागते.