मोटारीतील मार्गदर्शक यंत्र : अंगभूत आणि सुटे

१९८१ मध्ये जपानच्या होंडा कंपनीचे ‘इलेक्ट्रो गायरोकेटर’ उपग्रहाविना, पारदर्शक नकाशावर मोटारीचे स्थान दर्शवीत असे. १९९० मध्ये माझदाच्या युनोस कॉस्मो मोटारीत जीपीएस अंगभूत झाले. तथापि अशा यंत्रणेत नकाशा मोटारीबरोबरच जुना होई. नवी नकाशा-तबकडी महाग पडे. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी काढून टाकली आणि अचूकता वाढली. पुढे २००४ मधील ‘टॉमटॉम गो’सारखी, समोरच्या काचेवर चिकटविता येणारी सुटी यंत्रे लोकप्रिय झाली. ती एका मोटारीतून दुसरीत नेता येत. संगणकाला जोडून नकाशाही बदलता येई. २००९ मध्ये गुगलने मोबाइलवर विनामूल्य मार्गदर्शन आणल्यावर त्यांचीही सद्दी संपली. सारांश, चालकाचा खरा रोष शिळ्या नकाशावर होता. तो ताजा ठेवणे ज्या साधनाने सुलभ केले, त्यालाच पसंती लाभली.