एका सुताची चीर

'करवत जातानाही कापते आणि येतानाही कापते,' असं आपण दोन्हीकडून कात्रीत पकडणाऱ्या माणसाबद्दल म्हणतो. बोलायला ठीक आहे. पण सुताराला विचाराल तर तो हसेल. बहुतेक हातकरवती एकाच दिशेनं कापतात. परतीच्या वाटेवर दात नुसते भुसा बाहेर काढत येतात. दात कुठल्या बाजूला झुकलेले आहेत, या एका गोष्टीवर करवतीचं सारं शास्त्र उभं आहे. विजेची करवत आली तेव्हाही हे शास्त्र बदललं नाही, बदलला तो वेग. आणि वेगाबरोबर असा एक धोका आला, की ज्याला आपल्या बोलीत अजून नीटसं नावसुद्धा नाही. आज मला या शब्दांच्या वाटेनं करवतीचा इतिहास सांगायचा आहे.

सुरुवात 'सूत' या शब्दापासून करू. सूत धरणारा तो सूत्रधार, आणि त्याच कुळातला आपला सुतार. ओंडक्यावर रंगात बुडवलेला दोरा ताणायचा, चिमटीत उचलून सोडायचा आणि उमटलेल्या रेघेवरून करवत चालवायची, ही जुनी रीत. पुढे इंच आले आणि सूत हे मापही झालं. एका इंचात आठ सूत. मेट्रिक मापं येऊन इतकी वर्षं झाली, प्लायवूड मिलिमीटरमध्ये विकलं जातं, तरी अंधेरी-बोरिवलीत किंवा घाटकोपर-मुलुंडमध्ये घरी लागलेला सुतार 'दोन सूत कमी करतो' असंच म्हणतो.

दुसरा शब्द काप. लाकडाच्या रेषेबरोबर जाणारा तो उभा काप, रेषा तोडणारा तो आडवा. उभ्या कापाचे दात पटाशीसारखे असतात, ते तंतू उकरत जातात. आडव्या कापाचे दात सुरीसारखे, ते तंतू आधी छेदतात. एकाच करवतीकडून दोन्ही कामं करून घेतली, तर एकीकडे हात भरून येतात किंवा दुसरीकडे कड उचकटते. प्लायवूडमध्ये एकाआड एक थर उभे-आडवे चिकटवलेले असतात, म्हणून त्याला बारीक आणि जास्त दातांचं पातं लागतं.

तिसरा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा, तो म्हणजे चीर. करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित फाकवलेले असतात. त्यामुळे कापाची रुंदी पात्याच्या जाडीपेक्षा थोडी जास्त होते आणि पातं अडकत नाही. ही रुंदी म्हणजे चीर. चिरेतलं लाकूड भुसा होऊन जातं. तुम्ही पैसे मात्र त्याचेही मोजलेले असतात.

मुंबईत हा हिशेब एकेकाळी जहाजांच्या मापानं चाले. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानाची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली गेली आणि १८१७ साली ती पाण्यात उतरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे ती आजही पाहायला मिळते. तिच्या फळ्या माणसांच्या हातांनी कापलेल्या. ओंडका उंचावर ठेवायचा, एकानं वर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली, आणि दोघांनी मिळून लांब करवत ओढायची. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये वेगळंच घडत होतं. गोल करवतीचा उल्लेख सॅम्युअल मिलर यांच्या १७७७ च्या पेटंटात सापडतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांनी जहाजाच्या कप्प्या बनवणारी यंत्रं उभारली, त्यात वाफेवर फिरणाऱ्या गोल करवती होत्या. एकाच आरमारासाठी एका गोदीत वाफ राबत होती आणि दुसऱ्या गोदीत माणसं.

गोल करवत वेगवान खरी, पण खादाड. मोठं पातं थरथरू नये म्हणून जाड ठेवावं लागे, आणि जाड पातं म्हणजे रुंद चीर. यावरचा तोडगा म्हणजे दोन चाकांवर फिरणारा दात्यांचा अखंड पट्टा, म्हणजे बँड सॉ. विल्यम न्यूबेरी यांनी तिचं पेटंट १८०८ मध्येच घेतलं होतं; पण पट्टा जोडावर तुटे. टिकाऊ जोड देण्याची रीत १८४६ मध्ये अ‍ॅन पॉलीन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी शोधली, तेव्हा कुठे हे यंत्र व्यवहारात आलं.

याचं मोल साध्या गणितात कळतं. बारा इंच जाडीच्या चौकोनी ओंडक्यातून एक इंचाच्या फळ्या काढायच्या आहेत. पाव इंच चिरेच्या जुन्या गोल करवतीनं ९ फळ्या निघतील. आजच्या गोल पात्याची चीर साधारण ३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास एक सूत. त्यात १० निघतील. दीड मिलिमीटर चिरेच्या पट्ट्यानं ११. ओंडका तोच, झाड तेच, आणि दोन फळ्यांचा फरक! आरागिरणीत बँड सॉ का असते, याचं उत्तर हे आहे.

लाकडाची ही भूक मुंबईला फार लांब घेऊन गेली. १८६३ साली इथे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. ब्रह्मदेशातल्या सागवानाचा तिचा व्यापार होता. ओंडके ठरल्यापेक्षा जास्त नेले म्हणून तिथल्या दरबारानं कंपनीला दंड केला, इंग्रजांना निमित्त मिळालं आणि १८८५ मध्ये युद्ध होऊन राज्य बुडालं. थिबा राजाला १८८६ मध्ये आपल्या रत्नागिरीला आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहताना या दुःखाच्या मुळाशी सागाचे ओंडके होते, हे आपल्याला क्वचितच आठवतं.

मुंबईत मात्र 'बर्मा टीक' हे चांगल्या लाकडाचं दुसरं नाव होऊन बसलं. अंधेरी, घाटकोपरचा भाग १९५० मध्ये आणि बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले. वस्ती वाढली तशी दारं-खिडक्यांची मागणी वाढली. देशभर आरागिरण्यांच्या धंद्यात नाव असलेली कच्छी पाटीदार कुटुंबं, राजस्थानातले सुथार, उत्तर प्रदेशातले विश्वकर्मा आणि कोकणातले सुतार यांच्या एकत्र राबण्यातून कामाची एक मिश्र बोली तयार झाली.

पुढे लाकूडच आटलं. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले आणि २००२ मध्ये केंद्रीय समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय नव्या आरागिरण्यांना मनाई केली. म्यानमारनं एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. म्हणूनच जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पाडलेल्या इमारतींच्या जुन्या सागवानी दारांना एवढा भाव. बाकी घरांत प्लायवूड आलं, आणि करवत गिरणीतून उठून थेट आपल्या हॉलमध्ये आली.

हातात धरायची विजेची गोल करवत अमेरिकेत एडमंड मिशेल यांनी १९२० च्या दशकात घडवली. आपल्याकडे मात्र सुताराच्या पिशवीत बहुधा निघतो तो मार्बल कटर. मुळात तो फरशी कापण्याचा, त्याला लाकडाचं चार इंची पातं बसवलेलं. पुष्कळदा तोच प्लायच्या तुकड्याखाली उलटा बसवून घरच्या घरी टेबल सॉ केली जाते. कल्पकतेला दाद द्यावी, पण हिशेबही करावा. मिनिटाला सुमारे १२,००० फेरे म्हणजे दाताच्या टोकाचा वेग ताशी जवळपास २५० किलोमीटर, आपल्या जलद लोकलच्या दुपटीहून जास्त.

आता पहिल्या मुद्द्याकडे येतो. टेबलावरच्या गोल पात्याचे पुढचे दात खाली जातात आणि लाकूड दाबून धरतात. मागचे दात वर येतात. कापत असताना चीर मिटली, तर मागचे दात ते लाकूड उचलतात आणि कापणाऱ्याच्याच अंगावर फेकतात. त्या झटक्यात हात पात्याकडे ओढला जाऊ शकतो. इंग्रजीत याला किकबॅक म्हणतात. तो टाळायला पात्याच्या मागे, चिरेत शिरणारी एक पोलादी पट्टी लावतात. तिचं नाव रायव्हिंग नाइफ. ती चिरेपेक्षा किंचित बारीक असते आणि चीर मिटू देत नाही. वरून पात्याला आडोसा असतो तो गार्ड. उलट्या बसवलेल्या कटरला यातलं काहीच नसतं.

मला वाटतं, इथे भाषेचा प्रश्न येतो. कापण्याचे शब्द आपण घेतले, घडवले, रुळवले. जपण्याचे शब्द मात्र घेतले नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्यानं यंत्राच्या धोक्याच्या भागांना आडोसा सक्तीचा केला होता, पण तो कारखान्यांपुरता. तुमच्या-आमच्या घरात चार सुतार काम करतात तिथे कोण तपासायला येणार? मी तर म्हणतो, किकबॅकला 'उलटफेक' म्हणू आणि त्या पट्टीला 'चीरपट्टी'. नाव मिळालं की वस्तू मागता येते.

पुढच्या वेळी घरी सुतारकाम निघालं, तर रंग आणि लॅमिनेट निवडण्याआधी सुतारदादांना एवढंच विचारा: पात्याला आडोसा आहे का, टेबल असेल तर चीरपट्टी आहे का? आणि चार दिवसांचं काम दोन दिवसांत मागू नका. लाकडाची एका सुताची चीर हिशेबात धरता येते. बोटांचा असा हिशेब नसतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)